खडकाळ किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांचे फोटो काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणत्या महिन्यांत जावं?

बरेचसे समुद्रपक्षी वर्षातला मोठा काळ भर समुद्रात काढतात. जमिनीवर येतात ते घरट्यासाठी. म्हणून कड्यावरच्या वसाहतींचे फोटो हवे असतील तर विणीचा हंगामच गाठावा लागतो. उत्तर अटलांटिकच्या कड्यांवर तो साधारण एप्रिल ते जुलै असतो, पण प्रत्येक जातीचं वेळापत्रक निराळं. गिलेमॉट आणि रेझरबिल जुलैच्या मध्यापर्यंत बरेचसे निघून जातात. पफिन जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला जातात आणि गॅनेट मात्र सप्टेंबरपर्यंत सहज सापडतात. चोचीत माशांची रांग धरलेला पफिन हवा असेल तर जूनचा मध्य ते जुलैचा मध्य हा काळ धरा. त्याआधी बिळात बहुधा अंडंच असतं, मग मासे आणायचे कोणासाठी?

विणीचा हंगाम नसतानाही खडक ओस पडत नाहीत. कालवफोडे, तुतारी, पाणकावळे आणि कुरव भरतीच्या वेळी उंच खडकांवर विसावतात. नवशिक्यांनी खरं तर इथूनच सुरुवात करावी. पक्षी बसलेले असतात, घरटी नसल्यामुळे आपल्या चुकीची किंमत अंडी-पिल्लांना मोजावी लागत नाही आणि हातही बसतो.

लेन्स किती मिलिमीटरची लागते?

हे अंदाजाने ठरवू नका, हिशेब सोपा आहे. सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (सेन्सर ३६ बाय २४ मिमी) ४०० मिमी लेन्स लावून २० मीटरवर रोखली तर फ्रेममध्ये सुमारे १.८ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच जागा मावते. गॅनेटच्या पंखांचा पसारा साधारण १.८ मीटर असतो, म्हणजे २० मीटरवर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्रेम व्यापतो आणि पंखांची टोकं कापली जातात. त्याला ३० ते ३५ मीटरवर टिपणं बरं. पफिन बराच लहान, उभा असताना जेमतेम २० सेंमी उंच. तोच ४०० मिमी लेन्समधून १० मीटरवर उभा असला तर फ्रेमच्या उंचीचा साधारण तिसरा हिस्सा भरतो.

कड्यांसाठी १००-४०० मिमी झूम सर्वांत उपयोगी पडते, कारण पक्षी क्षणात दूर असतो आणि क्षणात अंगावर येतो. ६०० मिमीची जड लेन्स खालच्या खडकांवर बसलेल्या पक्ष्यांसाठी चांगली, पण ती पाठीवर घेऊन ओल्या कातळावरून चालायचं आहे हेही लक्षात घ्या. सोबत ७०-२०० मिमी किंवा त्याहून रुंद लेन्स जरूर ठेवा. हजारो पक्ष्यांनी पांढराशुभ्र झालेला अख्खा कडा हाच अनेकदा त्या दिवसाचा सर्वोत्तम फोटो असतो, आणि लांब लेन्स लावून बसलेल्याला तो दिसतच नाही.

उभं राहायची जागा कशी निवडायची? पक्षी नेहमी पाठमोरेच येतात.

पाठमोरे येतात कारण वारा चुकीच्या बाजूने आहे. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतो. तेव्हा आधी वारा बघा, मग सूर्य, आणि जागा सगळ्यात शेवटी ठरवा. वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील तर पक्षी समोरून, तोंडावर उजेड घेऊन, सावकाश तुमच्याकडे येतो. असा मेळ रोज बसत नाही. पूर्वेचा वारा असेल तर सकाळ, पश्चिमेचा असेल तर संध्याकाळ, एवढा साधा नियम पाळला तरी अर्धं काम होतं.

कड्यावर मात्र थोडं अधिक विचारपूर्वक बघावं लागतं. वारा समुद्राकडून येत असेल तर तो कड्याला आदळून वर चढतो. या चढत्या वाऱ्यावर गॅनेट आणि फुलमार पंख न हलवता जवळजवळ जागच्या जागी तरंगतात. फोटोसाठी याहून सोपा उडता पक्षी नाही. अडचण एवढीच की त्यांचं तोंड समुद्राकडे असतं आणि माथ्यावर उभ्या असलेल्याला पाठच दिसते. उपाय म्हणजे समुद्रात घुसलेलं एखादं टोक शोधून तिथून कड्याला समांतर, आडवं बघायचं. मग तरंगणारा पक्षी बाजूने, डोळ्यासकट मिळतो. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर घरट्याकडे परतणारे पक्षी सरळ तुमच्या दिशेने येतात, पण चढता वारा नसल्यामुळे ते धडपडत, वेगाने आणि वेडेवाकडे उतरतात. वारा कड्याला समांतर असेल तर पक्षी गोल फेऱ्या मारतात. वाऱ्याविरुद्धच्या बाजूला ते हळू असतात, परतताना सुसाट. हळू बाजू ओळखा आणि तीच धरून बसा.

एक फेरी चुकली म्हणून जागा बदलू नका. बहुतेक पक्षी पुन्हा त्याच वाटेने येतात. पाच मिनिटं कॅमेरा खाली ठेवून नुसत्या वाटा बघितल्या तर पुढचा तास सत्कारणी लागतो.

भरती-ओहोटीचा हिशेब कसा ठेवायचा?

भरतीचं वेळापत्रक न बघता खडकांत उतरू नका. दोन भरत्यांमध्ये बहुतेक ठिकाणी सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि पाणी सर्वांत वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत चढउतार कमी असतो.

लोक अडकतात ते पाणी सारख्या वेगाने चढत नाही हे ठाऊक नसल्यामुळे. भरतीचे सहा तास धरले तर पाणी पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याने वर येतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक हिस्सा. एकूण चढ ४ मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी फक्त ३३ सेंमी वर येतं आणि वाटतं, भरपूर वेळ आहे. तिसऱ्या तासात तेच पाणी पूर्ण १ मीटर चढतं. दरम्यान मागची सखल घळ भरून परतीची वाट बंद झालेली असते. म्हणून आपण बसलेला खडक किती उंच आहे यापेक्षा परतीच्या वाटेवरची सर्वांत सखल जागा कुठे आहे ते आधी बघा, आणि ओहोटी संपून पाणी पलटताच तिथून बाहेर पडायची तयारी ठेवा.

फोटोच्या दृष्टीनेही भरती कामाची आहे. पाणी चढू लागलं की खालच्या खडकांवर चरणारे पक्षी एकेक पायरी वर, म्हणजे तुमच्या दिशेने सरकतात. भरतीच्या दोन तास आधी, पाणी पोहोचणार नाही अशा उंच आणि सुरक्षित खडकामागे जाऊन बसा. पक्षी आपणहून येतात. मागे लागून जे अंतर कधीच मिळत नाही ते असं बसून मिळतं.

खडकांवरून घसरू नये म्हणून काय करायचं?

काळपट, चकाकणारा किंवा हिरवा खडक टाळा. तिथे शेवाळ असतं आणि त्यावर कोणताच बूट भरवशाचा नाही. कोरडा, खरखरीत खडक चांगला. खडक ओला असेल आणि पाऊस झालेला नसेल तर तिथपर्यंत लाट पोहोचते, हे पक्कं समजा. उतरण्यापूर्वी निदान २० मिनिटं लाटा बघा, कारण मोठ्या लाटा अनेकदा गटाने येतात आणि मधली शांतता फसवी असते. समुद्राकडे पाठ करून व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका. चालताना कॅमेरा पिशवीत असावा आणि दोन्ही हात मोकळे. खालच्या खडकांवर लाइफ जॅकेट घालणं शहाणपणाचं.

कड्याच्या माथ्याचा धोका वेगळा. कडेचं गवत अनेकदा खालून पोकळ असतं. जिथे पफिन बिळं करतात तिथली माती तर चाळणीसारखी झालेली असते. पाय पडला की बीळ ढासळतं, आत पिल्लू असू शकतं, आणि तुमचा पायही मुरगळतो. आखलेली वाट सोडू नका. जोराच्या वाऱ्यात कडेला उभे राहू नका, मागे सरून बसा किंवा आडवे व्हा.

पांढरे पक्षी नेहमी जळून जातात, पिसांत तपशीलच उरत नाही. का?

कॅमेऱ्याचं मीटर सगळं दृश्य मध्यम करड्या रंगाचं समजून मोजतं. गर्द समुद्रासमोर छोटा पांढरा पक्षी असेल तर मीटर समुद्राला मोजून उजेड वाढवतं आणि पक्षी फटफटतो. तोच पक्षी पुढच्या सेकंदाला उजळ आकाशासमोर गेला की मीटर उजेड कमी करतं आणि तो काळवंडतो. खरं तर पक्ष्यावर पडणारा उजेड तसूभरही बदललेला नसतो. म्हणूनच उडत्या पक्ष्यांसाठी मॅन्युअल एक्स्पोजर वापरा, तेही आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर न ठेवता.

आकडे हवे असतील तर स्वच्छ उन्हाचा जुना नियम धरा. एफ/१६ अ‍ॅपर्चरला (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड येण्याचं छिद्र) शटरचा वेग म्हणजे आयएसओचा व्यस्तांक. आयएसओ ४०० असेल तर एफ/१६ ला १/४००, म्हणजेच एफ/८ ला १/१६००. पांढऱ्या पिसांसाठी यातून एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा करा, १/३२०० ला या. हा सुरुवातीचा आकडा झाला. एक फोटो काढून ओव्हरएक्स्पोजरची लुकलुक बघा, म्हणजे जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो तो इशारा. पिसांवर ती दिसली तर आणखी तिसरा हिस्सा स्टॉप कमी करा. लाटांचा फेस थोडासा जळाला तरी चालतो, पक्ष्याची छाती जळता कामा नये. ढग आले की पुन्हा मोजा. ढगाळ दिवसाला नाव ठेवू नका. पांढऱ्या पक्ष्यांच्या पिसांतला पोत पातळ ढगांतून येणाऱ्या मऊ उजेडात जितका छान उमटतो तितका कडक उन्हात कधीच उमटत नाही.

पाणकावळ्यासाठी उलटं. पिसं काळी असली तरी त्यांत हिरवट-जांभळी झाक असते आणि ती दिसायला हवी. मध्यम मोजणीपेक्षा २/३ ते १ स्टॉप अधिक द्या, उजळ आकाशासमोर दीड ते दोन. पांढरा आणि काळा पक्षी शेजारी असतील तर पांढऱ्याला जपा आणि रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काळ्याची सावली उचला. जळालेला पांढरा रंग परत आणता येत नाही.

शटरचा वेग किती ठेवू?

बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरतो. सावकाश तरंगणाऱ्या गॅनेट किंवा कुरवाला १/१६०० ठेवा. पफिन आणि गिलेमॉट यांचे पंख लहान, ते फडफडतात जबरदस्त आणि जातात सरळ रेषेत सुसाट, तिथे १/३२०० च्या खाली जाऊ नका. पंखांची मुद्दाम धूसर रेघ हवी असेल तर १/३० ते १/६० ला पॅनिंग करा, म्हणजे कॅमेरा पक्ष्यासोबत फिरवत फोटो काढा. शंभरात दोन-तीन जमले तरी चांगलंच समजा.

सूर मारणारा गॅनेट टिपायला वेगळी तयारी लागते. तो सुमारे ३० मीटरपर्यंतच्या उंचीवरून सूर मारतो. तेवढ्या उंचीवरून पाण्यापर्यंत यायला त्याला जेमतेम अडीच सेकंद लागतात आणि पाण्यात शिरताना वेग सेकंदाला २४ मीटरच्या आसपास असतो. म्हणजे १/१००० सेकंदात तो २.४ सेंमी पुढे सरकलेला असतो. ४० मीटरवरून ४०० मिमीने, ६००० पिक्सेल रुंदीच्या फ्रेमवर, ही सरक सुमारे ४० पिक्सेलची धूसर रेघ होते. १/३२०० ला ती १२-१३ पिक्सेलवर येते आणि कॅमेरा सोबत खाली आणला तर आणखी कमी. सूर मारण्याआधी पक्षी मान खाली घालून पाण्याकडे बघतो, क्षणभर वेग मोडतो आणि पंख अर्धे मिटतो. बटण तेव्हाच दाबा. पाण्याचा फवारा दिसल्यावर दाबलं तर फवाराच मिळतो.

फोकस पक्ष्यावरून सुटून लाटांवर किंवा कड्यावर का जातो?

मागचा खडक आणि लाटा यांत काळ्या-पांढऱ्या कडा भरपूर असतात, पक्ष्यापेक्षाही जास्त, आणि फोकसची यंत्रणा तिकडेच ओढली जाते. सतत चालू राहणारा फोकस वापरा आणि पूर्ण फ्रेमऐवजी मधला छोटा भाग निवडा. पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय कॅमेऱ्यात असेल तर ती चालू ठेवा, मात्र गर्दीच्या कड्यावर ती भलत्याच पक्ष्याचा डोळा पकडते हे ध्यानात असू द्या. मध्ये दुसरं काही आडवं आलं तर फोकस लगेच हलू नये म्हणून ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारं बटण असेल तर जवळचं अंतर बंद करा, शोधाशोध कमी होते. आणि पक्षी दूर असतानाच त्याच्या येण्याच्या अंतरावर आधी फोकस करून ठेवा. मोठ्या धूसरतेतून फोकस परत आणायला लागणारा वेळच बहुतेक फोटो घालवतो.

जवळच्या पक्ष्यासाठी अ‍ॅपर्चर फार उघडं ठेवू नका. ६०० मिमी, एफ/४, १० मीटर या हिशेबात स्पष्ट दिसणारी खोली साडेसहा सेंमीच्या आसपास असते. डोळा स्पष्ट, चोचीचं टोक धूसर. एफ/८ ला ती सुमारे १३ सेंमी होते.

फोकस बरोबर असूनही फोटो पाण्याखालून काढल्यासारखा का दिसतो?

तापलेल्या खडकावरची हवा हलत असते. लेन्स कितीही भारी असो, त्यावर इलाज नाही. पहाटे या किंवा अंतर कमी असलेली जागा निवडा. ऊन चढल्यावर दूरच्या पक्ष्यांवर कार्ड भरू नका.

किती जवळ जावं?

मीटरमध्ये उत्तर देता येत नाही, कारण जात, जागा आणि हंगाम यांनुसार ते बदलतं. पक्ष्याचं वागणं हेच माप. पिसं साफ करणं थांबलं, मान ताठ झाली, डोकं वरखाली होऊ लागलं, बसलेला पक्षी उठून उभा राहिला, पाणकावळे मान लांब करून एका दिशेने बघू लागले, की तुम्ही आधीच गरजेपेक्षा पुढे गेला आहात. तिथेच थांबायचं नाही, हळूच मागे सरायचं. उडून गेल्यावर मागे सरण्याला अर्थ नाही.

याचं कारण गिलेमॉटकडे बघून कळतं. तो घरटं बांधत नाही. उघड्या कातळाच्या अरुंद पट्टीवर एकच अंडं घालतो आणि ते पायांवर घेऊन उबवतो. दचकून सगळे एकदम उडाले तर अंडी कड्यावरून खाली पडतात. जी उरतात त्यांच्यावर कुरव टपलेलेच असतात. उष्ण किनाऱ्यावर अंड्याला उन्हापासून सावली देणं हेच आईबापाचं मुख्य काम असतं. तिथे थोडा वेळ उठवून लावलेला पक्षीही पिल्लाच्या जिवावर बेततो.

ड्रोन, पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज, मासे टाकून बोलावणं आणि फांदी किंवा गवत बाजूला करून घरटं उघडं करणं, यांपैकी काहीही करू नका. राखीव बेटांवर रक्षकाचा शब्द अंतिम माना. घरट्याजवळच्या फोटोसाठी अनेक देशांत परवाना लागतो, तो जाण्याआधी विचारून घ्या.

सुरय डोक्यावर टोचतात, फुलमार काहीतरी थुंकतो. काय करावं?

निघून जावं. आर्क्टिक सुरय वसाहतीजवळ आलेल्याच्या डोक्याला रक्त येईपर्यंत चोच मारतो. आखलेली वाटच वसाहतीतून जात असेल तर जाड टोपी घाला आणि न थांबता पुढे चला. फुलमार पोटातलं दुर्गंधी तेल दूरवर फेकतो. कपड्यांचा वास दिवसेंदिवस जात नाही, आणि दुसऱ्या पक्ष्याच्या पिसांना ते लागलं तर पिसं चिकटून त्याचं उडणंच बंद होऊ शकतं. तो थुंकला याचा अर्थ तुम्ही त्याच्या फार जवळ आहात.

खाऱ्या हवेने कॅमेरा खराब होऊ नये म्हणून?

लेन्सवर हूड आणि पुढे साधा संरक्षक फिल्टर लावा. खडकांवर लेन्स बदलू नका. लेन्सवर तुषार वाळले तर कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी फुंकणीने हवा मारा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने टिपा आणि शेवटी कोरड्या कापडाने पुसा. कॅमेऱ्याची बॉडीही अशाच पिळलेल्या कापडाने पुसायची. ती नळाखाली धरायची नाही.

ट्रायपॉडकडे लोक दुर्लक्ष करतात आणि महिन्याभरात त्याचे पाय अडकतात. पाण्यात उभा करायचा असेल तर सर्वांत खालचा बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे सांधे पाण्याच्या वर राहतात. त्याच दिवशी सगळे भाग उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि उघडेच वाळवा. कार्बनचा ट्रायपॉड गंजत नाही हे अर्धसत्य आहे, त्याचे स्क्रू आणि सांधे धातूचेच असतात.

थंड खोलीतून दमट किनाऱ्यावर किंवा थंड किनाऱ्यावरून उबदार खोलीत जाताना कॅमेरा बंद पिशवीत अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. घाईने उघडला तर काचेवर बाष्प धरतं.

बोटीतून काढताना काय वेगळं करायचं?

ट्रायपॉड विसरा, इंजिनाची थरथर त्यातून थेट लेन्समध्ये जाते. त्याच कारणाने कठड्याला कोपर टेकू नका. बोटीच्या मध्यभागी, गुडघे किंचित वाकवून उभे राहा. बोट लाटेच्या माथ्यावर आली की क्षणभर स्थिर होते, तेव्हा बटण दाबा. नेहमीपेक्षा शटर एक स्टॉप वेगवान ठेवा. ६०० मिमीपेक्षा १००-४०० कधीही बरी.

रात्री वसाहतीवर येणाऱ्या पक्ष्यांचे फोटो फ्लॅशने काढावेत का?

नाही. शिअरवॉटर आणि स्टॉर्म पेट्रेल मोठ्या कुरवांच्या तावडीतून सुटण्यासाठीच अंधारात येतात. प्रखर प्रकाशाने ते गोंधळतात, आदळतात आणि जमिनीवर अडकून पडतात.

आजारी किंवा मेलेला पक्षी दिसला तर?

हात लावू नका, तिथल्या वन्यजीव यंत्रणेला कळवा. २०२२ मध्ये एच५एन१ बर्ड फ्लूने उत्तर अटलांटिकच्या गॅनेट वसाहतींत मोठी जीवहानी झाली. स्कॉटलंडजवळच्या बास रॉकवर २०१४ च्या मोजणीत ७५ हजारांहून अधिक जोड्या होत्या, तिथेही ही साथ पोहोचली. त्यातून वाचलेल्या काही गॅनेटच्या एरवी फिकट निळ्या असणाऱ्या बुबुळांचा रंग काळा झाला. असा काळ्या डोळ्यांचा गॅनेट फोटोत आला तर रंग दुरुस्त करू नका. तारीख आणि ठिकाणासह तो तिथल्या अभ्यासकांकडे पाठवा. एका वसाहतीतून दुसरीकडे जाण्याआधी बुटांचे तळ, ट्रायपॉडचे पाय आणि बीनबॅग (लेन्स टेकवायची मऊ पिशवी) जंतुनाशकाने धुवा.

फोटो इंटरनेटवर टाकताना काही पथ्य?

आधी क्षितिज सरळ करा, समुद्राची तिरपी रेघ लगेच खुपते. सावलीतल्या कड्यावरच्या पांढऱ्या पिसांत निळी झाक येते, ती थोडी उबदार करा, पण पिवळी नको. आणि संवेदनशील जातीचं घरटं असेल तर फाइलमधली जीपीएसची नोंद काढून टाका, मजकुरातही नेमकी कपार ओळखता येईल असं काही लिहू नका. मागे दिसणारा एखादा ओळखीचा सुळका किंवा दीपगृहसुद्धा जागा सांगून जातो, तेव्हा तो फ्रेमबाहेर कापा.